समाजाला न विचारता समाजाची गरज कशी ठरवावी

चवथ आटोपली, गणपतीवरची फळाफुलांची माटोळी उतरली, पावतीपुस्तके परत आली की गोव्यातल्या गावच्या सेवा संस्थेपुढे दरवर्षी तेच संकट उभे राहते. पैसे जमले. आता ते कुणाला तरी द्यावे लागणार, म्हणजेच बाकीच्यांना नाही म्हणावे लागणार. तुम्ही अशा संस्थेच्या कार्यकारिणीवर नुकतेच निवडून आला असाल (निवडून येण्याची रूढ पद्धत म्हणजे ज्या सभेत नाव सुचवले त्या सभेला गैरहजर असणे), तर घाबरू नका. गरजांचा प्राधान्यक्रम ठरवणे वाटते तितके अवघड नाही. गरज मध्ये येऊ दिली नाही की झाले.

धरून चला की वर्षाची जमा सहा लाख रुपये आहे आणि टेबलावर एक अर्ज पडला आहे. सत्तरी तालुक्यातली, सत्तरी ओलांडलेली एक बाई. तिचे म्हणणे एवढेच की न्हाणीघरात धरायला भिंतीला एक दांडी बसवून द्या आणि मागीलदारच्या पायरीला दोन चिरे लावा, पाय घसरतो. दांडी, बोल्ट, चिरे आणि गवंड्याची अर्ध्या दिवसाची मजुरी धरून दोन-अडीच हजारांचे काम. संस्थेला असल्या अर्जाइतका धोका दुसऱ्या कशाचाच नसतो. तो खरा असतो, स्वस्त असतो आणि त्याचे उद्घाटन करता येत नाही.

सुरुवात पाहणीपासून करा. ती करावीच लागते, कारण अहवालात तिच्यासाठी एक परिच्छेद राखून ठेवलेला असतो. वेळ मात्र नीट निवडा. पाण्याची टंचाई आहे का, हे ऑगस्टमध्ये विचारावे. तेव्हा विहिरी काठोकाठ असतात आणि मे महिन्यात टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसणारा वाडाही ‘पाण्याला काय तोटा!’ असे सांगतो. छप्पर गळते का, हे मार्चमध्ये विचारावे. कष्टकरी बायांना काय हवे ते जाणून घ्यायचे असेल तर काजूच्या हंगामात सकाळी अकराला घरोघर जावे. त्या तेव्हा डोंगरावर बिया वेचत असतात. घरी भेटतो तो निवृत्त झालेला गृहस्थ, आणि त्याच्या मते गावाची निकड म्हणजे वाचनालयात आणखी दोन वर्तमानपत्रे.

प्रश्नही जपून. ‘तुम्हाला रुग्णवाहिका हवी का?’ असे विचारा. याला नको म्हणणारा माणूस अजून जन्मायचा आहे. ‘गेल्या वर्षभरात पैशावाचून कोणते काम अडले?’ हा प्रश्न मात्र कटाक्षाने टाळा. त्याची उत्तरे दातांची येतात, चष्म्याच्या फुटक्या काचेची येतात, कदंब बसच्या भाड्याची येतात, न्हाणीघराची येतात, आणि मग ती वहीत लिहून घ्यावी लागतात.

सभा देवळाच्या सभामंडपात ठेवा. पहिल्या रांगेत देवळाचे महाजन, दुसऱ्या रांगेत पंच आणि माजी पंच, खांबाला टेकून भजनी मंडळ, बायका मागे आणि दुसऱ्याच्या जमिनीवर घर असलेले मुंडकार पायरीवर. इगर्जेकडच्या वाड्यावरचे ख्रिस्ती लोक निमंत्रण असूनही संकोचाने येत नाहीत. भाड्याच्या खोल्यांत राहणारे बांधकामावरचे परप्रांतीय मजूर येतच नाहीत, कारण त्यांना कुणी बोलावलेलेच नसते आणि त्यांचे मतही या मतदारसंघात नसते. ‘खुल्या सभेत एकमताने ठरले’ असे इतिवृत्तात लिहायला ही आसनव्यवस्था फार सोयीची पडते. तीच सभा शाळेच्या वर्गात, संध्याकाळी सातनंतर, प्रत्येक वाड्याची वेगळी घेतली तर भलतेच विषय निघतात.

काही अतिउत्साही कार्यकर्ते यावर एक खेळ घेऊन येतात. पाच-सहा गरजांची चित्रे जमिनीवर मांडायची, प्रत्येकाच्या हातात दहा काजूबिया द्यायच्या आणि ज्याला जी गरज जितकी मोठी वाटते तितक्या बिया त्याने तिथे ठेवायच्या. वाचता न येणाऱ्यालाही हे जमते. अर्ध्या तासात ढीग डोळ्यांना दिसतात, आणि बायकांचे ढीग पुरुषांच्या ढिगांपासून वेगळे मोजले तर घराघरातली मतभिन्नता चव्हाट्यावर येते. म्हणूनच ही पद्धत घातक आहे. हात वर करून मतदान घ्या. भाटकाराचा, म्हणजे जमीनदाराचा, हात वर गेला की बाकीच्या हातांना दिशा मिळते. बिया उरतात त्या भाजून खाता येतात.

हल्ली देणगीदार ‘निकष काय?’ असे विचारू लागले आहेत, तेव्हा गुणपत्रिका हवीच. तिला भिऊ नका. योग्य हातात गुणपत्रिका हे फार आज्ञाधारक जनावर आहे. तीन निकष घ्या: गरजेची तीव्रता, लाभार्थींची संख्या आणि दृश्यमानता. प्रत्येकाला एक ते पाच गुण. भारांक अनुक्रमे ५०, ३० आणि २०. आता दोन प्रस्ताव तोलून पाहू. पहिला, वाड्यावरच्या पाच वृद्धांच्या न्हाणीघरांत दांड्या. गरज पाच, संख्या एक, दृश्यमानता एक. पाच पन्नासे २५०, त्यात ३० आणि २०, एकूण ३००. दुसरा, शाळेत वह्यावाटप. गरज एक, संख्या पाच, दृश्यमानता पाच. ५०, १५० आणि १००, एकूण तेही ३००.

बरोबरी! नवखा सचिव इथे गडबडतो आणि चर्चा सुरू करतो. मुरलेला सचिव गरजेचे पाच काढून संख्येच्या पारड्यात टाकतो. ४५, ३५, २०. दांड्यांना २८०, वह्यांना ३२०. कुणाच्याही भावना न दुखावता, शुद्ध गणिताने निर्णय झाला. भारांक अर्ज उघडण्यापूर्वी ठरवून, इतिवृत्तात लिहून, खाली सह्या घेतल्या तर ही सोय कायमची बंद होते. म्हणून भारांक नेहमी शेवटी ठरवावेत, आणि पेन्सिलीने लिहावेत. ‘हे दुसरे कुणी देते का?’ आणि ‘हे आपण केले नाही तर काय होईल?’ असे दोन रकाने काही ठिकाणी गुणपत्रिकेत आढळतात. ते आधीच खोडून टाका, कारण त्या दोन रकान्यांपुढे वहीला शून्य पडते आणि पत्रिकेची सगळी शिस्त बिघडते.

लाभार्थी मोजताना मन मोठे ठेवा. वही मुलाला मिळाली, तरी आनंद आईला, वडिलांना आणि आजीलाही झाला. शंभर मुलांचे चारशे लाभार्थी असे होतात.

वह्यांविषयी थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण गोव्यातल्या सार्वजनिक औदार्याचा कणा वही आहे. खालच्या वर्गांना दुरेघी आणि चौरेघी लागते, गणिताला चौकटींची. तुम्ही मात्र एकरेघी, जाड, भरपूर पानांची घ्या, कारण एकाच प्रकारच्या हजार वह्या एकदम छापल्या की मुखपृष्ठावर अध्यक्षांचा आणि मलपृष्ठावर प्रायोजकाचा फोटो स्वस्तात बसतो. पहिलीतले पोर त्या रेघांवर ‘क’ काढताना रेघेबाहेर जाते, तो त्याचा प्रश्न. वाटप जूनमध्येच करा. २०२५ साली गोव्यात सहावी ते दहावीचे वर्ग एप्रिलमध्येच सुरू झाले आणि मुलांनी वह्या तेव्हाच विकत घेतल्या, ही सबब ऐकून घेऊ नका. पावसाची पहिली सर, छत्र्या आणि वह्यांचे गठ्ठे यांचा फोटो एप्रिलच्या उन्हात येत नाही.

शाळा निवडताना ज्या शाळेत पंचांनी, पतसंस्थेने आणि शेजारच्या गावातल्या क्लबने आधीच वह्या दिल्या आहेत तीच घ्या. तिथे खुर्च्या मांडलेल्याच असतात आणि मुलांना रांगेत उभे राहायचा सराव असतो. वीसेक मुलांच्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेत असे चौथे वाटप झाले की मुख्याध्यापिका गठ्ठा कपाटात ठेवतात, आणि पावसाळ्यात कपाटाला ओल आली की तो रद्दीत जातो. तिला आधी एक फोन केला असता तर तिने सांगितले असते की वह्या पुरे झाल्या, लांबच्या धनगरवाड्यावरून येणाऱ्या दोन मुलांच्या रिक्षाचे बघा, ती पाऊस लागला की येत नाहीत. म्हणून फोन करू नये.

व्हीलचेअरही उत्तम. ती चकचकीत असते, तिच्यावर माणूस बसवता येतो आणि मागे सहा पदाधिकारी उभे राहू शकतात. सर्वांना एकाच मापाची द्या, अठरा इंची बैठकीची. घडीच्या साध्या खुर्चीची चाकांसकट रुंदी पंचवीस-सव्वीस इंच भरते आणि गावातल्या जुन्या घरांचे न्हाणीघराचे दार असते चोवीस इंचांचे, हे मोजायला टेप लागते. टेप घेऊन जाऊ नका. घराचे दार अंगणापासून दीड फूट उंच असेल तर एकास बारा या उताराने अठरा फुटांचा रॅम्प लागतो. अंगणात तितकी जागा नसते, आणि असली तरी रॅम्पला रिबीन बांधून ती कापणे जरा विचित्रच दिसते. खुर्ची मग ओसरीवर राहते. तिच्यावर आधी कपडे वाळत घातले जातात, पुढे भात वाळवण्याचे सूप ठेवले जाते. ही बहुउद्देशीय उपयुक्तता अहवालात जरूर नमूद करावी.

त्यामानाने न्हाणीघरातली दांडी बघा. जमिनीपासून तेहतीस ते छत्तीस इंचांवर बसवायची, म्हणजे कुणीतरी जाऊन त्या बाईला उभी करून हात कुठे पोचतो ते बघायला हवे. चिऱ्याची, गिलावा केलेली भिंत असेल तर प्लग आणि स्क्रू धरतात. मातीची असेल तर ते महिन्याभरात निसटतात, तिथे आरपार बोल्ट घालून पलीकडून पत्रा द्यावा लागतो. इतकी अक्कल खर्चून शेवटी फोटोत काय येते? ओली भिंत आणि बादली.

रुग्णवाहिका ही प्रत्येक संस्थेची महत्त्वाकांक्षा असते आणि असावी. देणगी गाडीसाठी मिळते, चालकासाठी मिळत नाही, एवढे पक्के ध्यानात ठेवून गाडी आधी घ्या. चोवीस तास चालवायची तर तीन पाळ्यांना तीन चालक, साप्ताहिक सुटी धरली तर चौथा. शिवाय डिझेल, विमा, टायर, फिटनेस. हा हिशेब कार्यक्रमानंतर करावा. दुसऱ्या वर्षी गाडी अध्यक्षांच्या माडाखाली उभी राहते आणि तिच्यावर नारळ पडू नये म्हणून पत्र्याची शेड बांधायला नवी देणगी मागता येते.

गोव्यात १०८ फुकट येते, हे खरे. ती रुग्णाला इस्पितळात पोचवते. अडते ते परतीला. डायलिसिस सरकारी इस्पितळात मोफत होते, पण सांग्याच्या आतल्या गावातून आठवड्यातून तीनदा तिथे जायचे आणि चार तास यंत्राला लावून, अंगातले त्राण गेल्यावर परत यायचे. वर्षाच्या १५६ फेऱ्या होतात. बस वेळेवर मिळत नाही आणि गोव्यातल्या टॅक्सीचे भाडे सांगायची गरज नाही. ठरलेल्या रिक्षावाल्याला महिन्याचे पैसे बांधून दिले तर एका माणसाचे वर्ष निभावते. पण रिक्षा त्याची, नाव त्याचे, मागच्या काचेवर त्याच्या मुलांची नावे. संस्थेचा फलक लावणार कुठे?

एका प्रस्तावापासून विशेष सावध राहा. तो बहुधा संस्थेतल्या सर्वांत तरुण सभासदाकडून येतो. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेत ज्येष्ठांना महिन्याला २,००० रुपये मिळतात. त्यासाठी गोव्यात पंधरा वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते आणि दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. दाखला राहिला की पैसे थांबतात, आणि म्हातारी माणसे ‘सरकारने बंद केले’ असे समजून गप्प बसतात. सभासदाचे म्हणणे असे की स्कूटर असलेल्या एका होतकरू मुलीला महिन्याला ६,००० रुपये देऊन अर्धवेळ ठेवू. वर्षाचे ७२,००० झाले. तिने वीस जणांचे अर्ज लावले किंवा थांबलेले सुरू करून दिले, तर वर्षाला वीस गुणिले चोवीस हजार, म्हणजे ४,८०,००० रुपये गावात येतील. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या सरकारी आरोग्य विम्याची राहिलेली कार्डे ती जाता जाता करील. तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाखांचे आणि चार किंवा अधिक जणांच्या कुटुंबाला चार लाखांचे संरक्षण, म्हणजे शस्त्रक्रियेसाठी आपल्याकडे येणारे निम्मे अर्ज येणारच नाहीत.

हिशेब बिनतोड आहे, तेव्हा हिशेबाला हात लावू नका. ‘पगार हा प्रशासकीय खर्च आहे आणि आपली संस्था प्रशासकीय खर्च करत नाही’ एवढेच शांतपणे म्हणा. टाळ्या पडतील. त्याच बैठकीत शाली, श्रीफळे, स्मृतिचिन्हे, मंडप, ध्वनिक्षेपक आणि दोनशे माणसांची भजी-चहा यांसाठी लाखभर मंजूर होतील, पण तो खर्च प्रशासकीय नाही. तो कार्यक्रम आहे.

मार्च महिना लागला की प्राधान्यक्रमाचा प्रश्न आपोआप सुटतो. आयकराच्या सवलतीसाठी नोंदलेल्या संस्थेने वर्षाच्या उत्पन्नाचे ८५ टक्के त्याच वर्षी कामावर खर्चायचे असतात. उरलेल्या १५ टक्क्यांहून जास्त मागे ठेवायचे तर कारण लिहून एक ठरलेला फॉर्म भरावा लागतो आणि पाच वर्षांपर्यंतची मुदत मिळते. हा फॉर्म अस्तित्वात आहे हे हिशेबनीसाने कुणाला सांगू नये. मग २८ मार्चला जी वस्तू दुकानात तयार असेल तीच समाजाची तातडीची गरज ठरते. बहुतेक वर्षी ती शिलाई यंत्रे निघतात. ती ज्यांना मिळतात त्यांना शिवण येते का, गावात आधीच किती जणी ब्लाऊज शिवतात, गिऱ्हाईक कोण, हे विचारायला तीन दिवस पुरत नाहीत. सहा महिन्यांनी यंत्र शुक्रवारच्या म्हापसा बाजारात निघाले तरी हरकत नाही. व्यवसायच झाला.

कंपनीचा सामाजिक निधी मिळाला तर काम अजून हलके होते. कायद्यात नफ्याचे दोन टक्के आणि स्थानिक भागाला प्राधान्य असे शब्द आहेत. कंपनी त्याचा अर्थ कारखान्याच्या गच्चीवरून दिसणारा भाग असा लावते. त्यामुळे गरजू माणूस वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीच्या आसपास राहणारा असेल तर तो जास्त गरजू. प्राधान्य म्हणजे सक्ती नव्हे, दूरच्या वाड्यासाठीही मागता येते, हे कंपनीला सुचवून बघणारे आगाऊ समजले जातात. तुम्ही फलकाचे माप विचारा.

काम कुणाला द्यायचे हा किरकोळ मुद्दा. तीन कोटेशने हवीत. तिन्ही खजिनदारांच्या मेव्हण्याकडून आणवावीत, फक्त त्याला तीन वेगळी शाई वापरायला सांगा. हितसंबंध असलेल्या सभासदाने तेवढ्या विषयापुरते बाहेर बसावे, असा नियम काही संस्थांत असतो. पावसाळ्यात माणसाला बाहेर बसवणे बरे दिसत नाही.

आकस्मिक निधी ठेवू नका. दहा-पंधरा टक्के बाजूला असले की कुणी तरी आकस्मिकपणे मागतो. जुलै २०२१ मध्ये सत्तरी आणि डिचोलीत पुराचे पाणी घरांत शिरले तसे पुन्हा शिरले, तर आवाहन काढा आणि जुने कपडे गोळा करा. पूर ओसरल्यावर लोकांना फावडी हवी असतात, विहीर उपसायला पंप आणि ब्लिचिंग हवे असते, भिजलेल्या कागदपत्रांच्या जागी नवी काढून देणारा माणूस हवा असतो. पण जुन्या कपड्यांनी देणाऱ्याचेही कपाट मोकळे होते.

आता नकार. नकार कधीही देऊ नका. ‘तुमचा अर्ज या कारणाने बसत नाही, अमुक ठिकाणी जा’ असे पंधरा दिवसांत लेखी कळवले तर माणूस दुसरीकडे जातो, कदाचित त्याचे कामही होते, आणि नाकारलेल्या अर्जांची यादी फलकावर लागली की काय नाकारले हे गावाला कळते. त्याऐवजी आपल्याकडे एक अमोल कोकणी शब्द आहे: ‘पळोवया’, म्हणजे ‘बघूया’. त्यात नकार नाही, होकार नाही, तारीखही नाही. अर्जदार येत राहतो, वाट बघत राहतो, आणि संस्थेच्या दाराशी गर्दी दिसते. सत्तरीच्या बाईला तीनदा पळोवया सांगून झाले की फाईल जाड दिसू लागते.

दिलेल्या वस्तूंचे पुढे काय झाले हे बघायला सहा महिन्यांनी कुणी जाऊ नये, हे वेगळे सांगायला नको. करोनाच्या दुसऱ्या लाटेत घेतलेले ऑक्सिजनचे यंत्र कुणाच्या कपाटात आहे, त्याची जाळी शेवटची कधी धुतली, ते चालू तरी होते का, असल्या चौकश्यांनी देणगीदार नाउमेद होतात. अहवालात ‘वाटप केले’ हे क्रियापद पुरे. ‘वापरले गेले’ हे क्रियापद वापरू नये, ते सिद्ध करावे लागते.

राहता राहिली वार्षिक सर्वसाधारण सभा. आयत्या वेळच्या विषयांत त्या दांडीच्या अर्जाचे काय झाले, असे कुणी विचारलेच तर सांगायला यंदा चांगली बातमी आहे. श्रावणात ती बाई न्हाणीघरात पडली, खुब्याचे हाड मोडले, बांबोळीच्या सरकारी इस्पितळात शस्त्रक्रिया झाली. दांडीचा अर्ज त्यामुळे निकालात काढता येतो, आणि व्हीलचेअरच्या यादीत तिचे नाव सरळ पहिले लागते. मुलाने खुर्चीचे माप विचारले तर अठरा इंची म्हणून सांगा. कार्यक्रमाला तिला आणायला गाडी पाठवावी लागेल. तो खर्च ‘लाभार्थी वाहतूक’ या खाती टाका.